मूठभर बिया: पणजोबांच्या हिदमध्ये

सगळा घोळ लॉर्नाच्या स्टेटसने घातला. लॉर्ना माझी कॉलेजातली रूममेट, मूळची वसईची, गेली चौदा वर्षं बहरीनमध्ये नर्स. मागच्या वर्षी बकरी ईदच्या आदल्या दिवशी तिने व्हॉट्सॲपवर फोटो टाकला. समुद्रकाठी नटूनथटून उभ्या असलेल्या मुली, हातात झावळ्यांच्या इवल्याशा टोपल्या, टोपल्यांत हिरवे कोंब, आणि एकेक जण ती टोपली पाण्यात भिरकावतेय. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या इथली गंमत.’

मी पनवेलला शाळेच्या स्टाफरूममध्ये बसले होते. चहा गार झाला तरी मी फोटोच बघतेय. कारण ही गंमत जगात फक्त आमच्या घरात होते, असं मी जन्मभर समजत होते.

आमचं गाव श्रीवर्धनकडच्या एका खाडीवर. बकरी ईदच्या आठ-दहा दिवस आधी आमच्या घरी नारळाच्या करवंटीत नाचणी पेरतात. माती अगदी थोडी, बाकी शेणखत आणि काथ्याचा भुसा. तळाशी रमजानपासून जपून ठेवलेली खजुराची एक बी. करवंटी तीन दोऱ्यांनी पडवीत टांगायची आणि ईदच्या आदल्या संध्याकाळी मुलांनी खाडीत सोडायची. गावात दुसऱ्या कुठल्याही मुसलमान घरात हे नाही. शेजारच्या पाटीलकाकू तर दरवर्षी कुंपणावरून विचारायच्या, “काय गो, यंदा घट लवकर बसवलेत?”

ही पद्धत आणली माझ्या पणजोबांनी. यूसुफ त्यांचं नाव. बहरीनच्या गलबतावरून आले, तापाने फणफणले, गलबत पुढे निघून गेलं आणि हे आमच्या गावात राहिले. इथेच लग्न केलं, इथेच गेले. निदान घरात तरी असंच सांगतात. बाहेर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता. आमच्या किनाऱ्यावर दर तिसऱ्या घराचा पूर्वज अरब असतो हो! कोणाचाच पणजोबा साधा मासे सुकवणारा निघत नाही. त्यातून आमचे पणजोबा सांगायचे की, त्यांच्या गावची माणसं समुद्रात बुडी मारून पिण्याचं गोडं पाणी भरून आणतात. झालं! गावाने त्यांना ‘गोड्या समुद्राचा यूसुफ’ करून टाकलं. माझी फुफी, म्हणजे वडिलांची मोठी बहीण, शाळेत जायची तेव्हा पोरं तिला ‘अरबीण’ म्हणून चिडवायची. आज ती एक्क्याऐंशीची आहे आणि करवंटी अजून तीच पेरते.

मी तो फोटो फुफीला दाखवायला मुद्दाम गावी गेले. तिने चष्मा लावला, फोन नाकाजवळ नेला, बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, “नजू, तू तिथे जा. आणि त्यांना विचार, बी घातली नाही तर काय होतं.”

आता हे का, ते सांगायला हवं. फुफीचा मुलगा रफिक जहाजावर कामाला होता. बत्तीस वर्षांपूर्वी बकरी ईद करून तीन दिवसांनी तो बोटीवर गेला आणि परत आलाच नाही. वादळात जहाज बुडालं, त्याचं काहीसुद्धा हाती लागलं नाही. त्या वर्षी त्याच्या बॅगा भरण्याच्या गडबडीत फुफी करवंटीत बी घालायला विसरली होती. करवंटी खाडीत पडली ती उलटीच; एरवी मुलं ती सोडून घरी पळायची, पुढे काय झालं कोणी बघत नसे, त्या वर्षी फुफीने पाहिलं. आणि आमच्या घरात म्हणतात, करवंटी उलटली तर गेलेलं माणूस परतत नाही. हे फुफीने कोणाला सांगितलं नव्हतं. फुफांना, म्हणजे तिच्या नवऱ्यालासुद्धा नाही. मला पहिल्यांदा सांगितलं ते त्या दिवशी, फोटो बघताना.

“खरं काय ते विचारून ये,” ती म्हणाली. “मला बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड सांगू नकोस. मी ओळखेन.”

मग काय, या वर्षी जूनमध्ये निघाले.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: मुंबईहून थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचवतं. ईदच्या आसपास तिकीट महाग, मला जाऊन-येऊन तीस हजारांच्या घरात पडलं. व्हिसा ऑनलाइन मिळतो. एक दिनार म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या आसपास, त्यामुळे पहिले दोन दिवस प्रत्येक गोष्टीचा गुणाकार करून जीव घाबरतो, मग आपण गुणाकार सोडतो. आणि जूनमध्ये जाऊ नका. मला ईदसाठी जायचं होतं, तुम्हाला काय पडलंय? विमानतळाच्या दारातून बाहेर पडले तर भाताच्या पातेल्याचं झाकण काढल्यावर येते तशी वाफ तोंडावर. चष्मा पांढरा. लॉर्ना समोर उभी आहे हे मला तिच्या आवाजावरून कळलं.

“यल्ला, चल लवकर, गाडी नो-पार्किंगमध्ये आहे!”

चौदा वर्षांनी मैत्रीण भेटते आणि पहिलं वाक्य हे.

लॉर्नाचं घर सनाबिसला. मॉल आणि काचेच्या इमारती रस्त्यापलीकडे, अलीकडे साधी वस्ती, किराणा, इस्त्रीवाला, केरळी हॉटेल. तिचा नवरा डॉमनिक तुबलीला एका गॅरेजमध्ये सुपरवायझर आहे. त्याने आमच्यासाठी तिथलीच एक जुनी गाडी आणून ठेवली होती. “एसी फस्क्लास,” तो म्हणाला. “ब्रेक पण आहे, पण जरा आधीपासून दाब.” जेवायला सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, वर लॉर्नाचं बोलणं. आम्ही दोघी अशा बोलत बसलो की डॉमनिक उठून झोपायला गेला हेही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी शोध सुरू. सनाबिसपासून गाडीने काही मिनिटांवर करबाबाद म्हणून गाव आहे, तिथे खजुराच्या झावळ्यांच्या टोपल्या विणतात. एक म्हातारेबुवा पंख्याखाली मांडी घालून विणत होते. समोर त्या इवल्या टोपल्यांचा ढीग, अर्ध्या दिनारला एक. मी फोनवर फुफीच्या करवंटीचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी पाहिला आणि पोट धरून हसले. नारळ! त्यांनी शेजाऱ्याला हाक मारली, त्यालाही दाखवला, तोही हसला. माझी मान ताठ झाली. पस्तीस वर्षं गावाने हसायचं आणि आता इथेही?

पण ते चेष्टेने हसत नव्हते, एवढं मला नंतर कळलं. त्यांनी एक टोपली उचलून माझ्या हातात ठेवली, पैसे घेईनात. मी खुणेने आणि लॉर्नाच्या मोडक्या अरबीने विचारलं, तळाशी खजुराची बी घालता का?

“बी?” त्यांनी हात झटकले. “मफी.”

मफी म्हणजे नाही. हा शब्द मला पहिल्याच दिवशी पाठ झाला होता, कारण लॉर्ना घरातसुद्धा ‘साखर मफी, दूध मफी’ असंच बोलते. बी घालत नाहीत. शेजाऱ्यानेही मान हलवली. मग जिदहफ्सच्या बाजारात गेलो. बाजार ईदमुळे फुललेला, कपड्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. तिथे खजूर विकणाऱ्या दोन बायकांना विचारलं. बार्ली पेरतो, गहू पेरतो, हजला गेलेली माणसं सुखरूप परत यावीत म्हणून मुलं पाण्यात सोडतात, हे सगळं त्यांनी हौसेने सांगितलं. पण बी? नाही बाई.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मनात पाल चुकचुकत होती. बी ही पणजोबांनी, नाहीतर पणजीने घरी बसून काढलेली टूम असेल तर फुफीला काय सांगायचं? की तू बत्तीस वर्षं ज्याच्यासाठी स्वतःला खातेयस, ते कोणीतरी सहज म्हणून घातलेलं खूळ आहे? ते ऐकून ती सुटेल की आणखी रुतेल, हेच मला समजेना.

“तोंड काय पाडून बसलीस?” लॉर्ना म्हणाली. “गोड्या पाण्याचं बोल की. ते कुठे निघतं ते शोधू.”

हे मात्र तिने बरोबर धरलं. तिच्या वॉर्डात मरियम नावाची बहरीनी नर्स आहे. लॉर्नाने तिथूनच तिला फोन लावला, स्पीकरवर. समुद्रातून गोडं पाणी कुठे निघायचं? मरियमने जराही विचार केला नाही. मुहर्रक बेटाच्या आसपासच्या समुद्रात, तळाशी झरे होते. पूर्वी माणसं बुडी मारून चामड्याच्या पिशव्यांत भरायची. “माझी आजी तिथल्याच हिद गावची आहे, तिला विचारा. तिने लहानपणी पाहिलंय.”

गोडा समुद्र खरा होता! अख्ख्या गावाने ज्याला फेकाड्या ठरवलं, तो माणूस खरं बोलत होता. मी तिथल्या तिथे फुफीला फोन लावला. ती म्हणाली, “मला ठाऊकच होतं,” आणि लगेच, “बीचं विचारलंस?”

तिसरा दिवस ईदच्या आदला, अरफाचा. मी रोजा धरला होता. बाहेर पारा चाळिशीपार, आणि शेजारी लॉर्ना गाडी चालवताना माझ्यासमोर नको म्हणून पाण्याची बाटली सीटखाली लपवतेय आणि सिग्नलला वाकून गुपचूप पितेय. “पी गं बाई नीट,” मी म्हटलं, “ठसका लागेल.”

राजधानी मनामाहून पूल ओलांडून मुहर्रक बेटावर यायचं आणि टोकाला जायचं, की हिद. बसनेही जाता येतं, तीनशे फिल्समध्ये (हजार फिल्सचा एक दिनार), पण उन्हात थांब्यावर उभं राहायची तयारी हवी. हिद एकेकाळी समुद्रात घुसलेली वाळूची चिंचोळी पट्टी होती, दोन्ही बाजूंना पाणी. आता दोन्हीकडे भराव टाकून नवी घरं, गोदामं, रुंद रस्ते. जुन्या गल्ल्या मध्ये राहिल्यात. मी पणजोबांच्या डोळ्यांनी बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना तरी यातलं काय ओळखू आलं असतं? कब्रस्तान भिंतीबाहेरूनच पाहिलं. थडग्यांवर नावं नाहीत, नुसते दगड. म्हणजे तोही मार्ग बंद.

मरियम आम्हाला तिच्या आजीच्या घरी घेऊन गेली. आजीला सगळे उम्म राशिद म्हणतात, म्हणजे राशिदची आई. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारायची रीत आहे. आजी नव्वदीच्या पुढची असेल. जमिनीवर गादी, पाठीला लोड, हातात तसबीह, म्हणजे जपमाळ. मला जवळ बसवून तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून निरखलं आणि एकदम हिंदीत म्हणाली, “मुंबई? बहुत अच्छा. बहुत बारिश.” तिला एवढंच येत होतं. पुढचं सगळं मरियमने सांगितलं.

मी पणजोबांचं नाव सांगितलं. यूसुफ, बापाचं नाव अहमद.

आजी हसून काहीतरी बोलली. मरियम म्हणाली, “आजी म्हणते, गल्लीत उभी राहून यूसुफ बिन अहमद म्हणून हाक मार, पाच जण बाहेर येतील.” मग आजी गंभीर झाली. हिंदला, म्हणजे तुमच्या देशाला, गेलेले पुष्कळ, ती म्हणाली. काही परत आले, काहींचा निरोप आला, काहींचा काहीच नाही. कोणाचं घर कुठलं, आता कोण सांगणार? घरंही पडली.

मग मी फुफीचा व्हिडिओ दाखवला. करवंटी, नाचणीचे कोंब, तीन दोऱ्या. आजीने फोन डोळ्यांजवळ नेला. व्हिडिओत शेवटी फुफी बोटाने माती उकरून तळाची बी दाखवते. तिथे आजी थांबली. मरियमच्या हातावर चापट मारून तिने पुन्हा लावायला सांगितलं. आणि कपाटाकडे बोट केलं.

मरियमने कपाटातून बिस्किटांचा जुना डबा काढला. झाकण उघडलं. आत खजुराच्या बिया. काठोकाठ.

“आमच्या घरी घालतात,” मरियम म्हणाली. “आमच्या गल्लीत घालायचे. पण एक नाही, मूठभर.”

मी विचारलं, “कशाला?”

आजीने एक टोपली घेतली, तळाशी मूठभर बिया ओतल्या आणि टोपली तळहातावर ठेवून डोलवून दाखवली. मरियम सांगत होती: “हिदला वारा फार. टोपली हलकी, पाण्यात टाकली की आडवी पडायची. मग पोरं रडायची. म्हणून आजीची आई खाली बिया घालायची, वजनाला. दगड घातले तर बुडते. बिया घरात फुकट.”

वजनाला! पोरांनी रडू नये म्हणून! मी हसले का रडले, मलाच आठवत नाही. लॉर्नाने माझा दंड धरला होता एवढं आठवतं. मूठभरातली एक बी आमच्या गावापर्यंत पोचली आणि का घालायची ते वाटेत सांडलं. पणजोबा तापातून उठले तेव्हा त्यांच्याजवळ कदाचित एकच असेल, कोणास ठाऊक.

पण फुफीचा प्रश्न बाकी होता. मी विचारलं, “उलटली तर?”

“उलटली तर उलटली,” आजी म्हणाली. “पोरं दुसरी मागतात.” आणि मग माझ्याकडे रोखून बघत तिने विचारलं, हे कोणासाठी विचारतेयस?

मी सगळं सांगितलं. रफिक, बॅगा, विसरलेली बी, उलटलेली करवंटी. मरियम अडखळत अडखळत अरबीत सांगत गेली. आजीच्या तसबीहचे मणी थांबले. मग ती हळू आवाजात बोलली, आणि मरियमने आधी नाक पुसलं, मग सांगितलं:

“आजी म्हणते, माझ्या भावाची टोपली मी भरली होती. मूठभर बिया घालून. ती उभी गेली. दिसेनाशी होईपर्यंत उभीच गेली. तोही आला नाही. तुझ्या फुफीला हे सांग.”

संध्याकाळी आम्ही किनाऱ्यावर गेलो. खरा किनारा आता बराच पुढे सरकलाय, गाडी काढावी लागली. जरीचे झगे घातलेल्या मुली गळ्यात टोपल्या अडकवून गाणं म्हणत होत्या. करबाबादच्या म्हाताऱ्यांनी दिलेल्या टोपलीत मरियमने आपल्याकडचे चार कोंब लावून दिले होते. खाली मूठभर बिया मी घातल्या. मी अडतीस वर्षांची घोडी, त्या पोरींच्या रांगेत उभी राहिले आणि टोपली टाकली. ती उभी राहिली, डुलत डुलत गेली. मला रफिकदादा आठवला. तो मला खांद्यावर बसवून खाडीवर न्यायचा. त्याचा चेहरा मला नीट आठवत नाही, खांदा आठवतो.

मग आजीच्या घरी रोजा सोडला. खजूर, ताक, आणि माशाचा मसालेदार भात, परातीएवढ्या ताटात. मी खाल्लेल्या खजुरांच्या बिया घरी न्यायच्या म्हणून बाजूला ठेवल्या, तर आजीने त्यांत डब्यातल्या आणखी मूठभर घातल्या आणि ओंजळ माझ्या ओढणीत रिकामी केली. त्या धुऊन, उन्हात वाळवून बॅगेत टाकल्या. मुंबईला कोणी अडवलं असतं तर काय सांगणार होते, देव जाणे. कोणी अडवलं नाही.

पुढच्या दोन दिवसांत ईद, मुहर्रकचा हलवा (जरूर आणा, पण केशराचा घ्या), सकाळच्या न्याहारीत गोड शेवयांवर ऑम्लेट (ऐकायला भयंकर, खायला झकास) आणि लॉर्नाबरोबर भरपूर भांडणं. घर काही सापडलं नाही. मी शोधलंही नाही फारसं.

मुंबईत उतरून दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने गाव गाठलं. फुफी पडवीतच बसली होती. हलवा हातात दिला, तो तिने बाजूला ठेवला. “आधी सांग.”

मी सांगितलं. जसं ऐकलं तसं. काही गोड केलं नाही.

ती उठली. विहिरीवरून भरून ठेवलेली बादली पुढे ओढली. यंदाच्या पेरणीतली एक उरलेली करवंटी आणली, भुसा भरला, पाण्यात टाकली. उलटली. एक बी घातली. उलटली. मग मी आणलेल्या बियांची मूठ तळाशी घालून टाकली. करवंटी डुलली आणि उभी राहिली. फुफीने पुन्हा सगळ्या बिया काढल्या, पुन्हा एक ठेवली. उलटली. असं तिने किती वेळा केलं मी मोजलं नाही. तिच्या साडीचा पदर कोपरापर्यंत भिजला होता.

“म्हणजे मी बी घातली असती, तरी उलटलीच असती,” ती म्हणाली.

“उलटलीच असती, फुफी.”

ती मटकन खाली बसली आणि रडली. बत्तीस वर्षांत मी तिला रफिकदादासाठी रडताना पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे म्हणायचो, फुफी फार खंबीर आहे. कसली खंबीर! तिला वाटत होतं, आपल्याला रडायचा हक्क नाही.

डोळे पुसून तिने विचारलं, “त्या बाईच्या भावाचं नाव काय?”

आणि मी कपाळावर हात मारला. विचारलंच नव्हतं! फुफीने माझ्याकडे असं पाहिलं, की शिकलेल्या बाईची लाज वाटावी. मी लॉर्नाला मेसेज केला, लॉर्नाने मरियमला. जेवायच्या वेळेपर्यंत उत्तर आलं. भावाचं नाव राशिद. आजीला पहिला मुलगा झाला तेव्हा तिने त्याला भावाचंच नाव ठेवलं. म्हणजे अख्खं गाव साठ-सत्तर वर्षं तिला त्याच्याच नावाने हाक मारतंय, आणि मीही संध्याकाळभर मारत होते.

फुफीला वाचून दाखवलं. आता पडवीच्या खिडकीत एक बरणी आहे, आणि शेजारीपाजारी कोणाकडे खजूर आणले की ती बिया मागून आणते. पाटीलकाकूंनी परवा विचारलं म्हणे, “आता हे काय नवीन, अरबीण?” तर ही म्हणाली, “आहेच मुळी मी अरबीण.”

पुढच्या ईदला दोन करवंट्या पेरायचं ठरलंय. एक रफिकची, एक राशिदची. बिया दोन्हींत मूठभर.